न्यूमोनियानंतर रक्ताचे आकडे वरखाली का होतात?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. दहा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे आणि त्यासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या सुरू आहेत. गेल्या महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. दाखल करताना पांढऱ्या पेशी १९,८००, हिमोग्लोबिन १२.६ आणि प्लेटलेट्स २ लाख १० हजार होत्या. अहवालाखाली ‘लेफ्ट शिफ्ट’ आणि ‘टॉक्सिक ग्रॅन्यूल्स’ असे शेरे होते. धाप लागत असल्यामुळे सुरुवातीचे तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शने दिली. घरी सोडताना पांढऱ्या पेशी १३,२०० आणि हिमोग्लोबिन १०.१ होते. त्यानंतर सहा दिवसांनी केलेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी ९,१०० वर आल्या, हिमोग्लोबिन मात्र १०.२ वरच आहे आणि प्लेटलेट्स थेट ५ लाख ९० हजार झाल्या आहेत. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ६४० आले. ताप नाही, भूकही हळूहळू परतते आहे. डॉक्टर म्हणाले, ‘काळजी करू नका, सहा आठवड्यांनी पाहू.’ पण एका नातेवाइकांच्या मते पेशी अशा वरखाली होणे हे रक्ताच्या कर्करोगाचे लक्षण आहे आणि बोन मॅरो तपासायलाच हवा. दुसरे कोणी एक बाटली रक्त चढवायला सांगतात. शेजारच्या काकू रोज पपईच्या पानांचा रस आणून देतात, घरात बीट आणि लोहाचे टॉनिकही सुरू केले आहे. आजारपणाच्या पंधरा दिवस आधी माझे मोठे काका गेले आणि बाबा फार खचले. त्या ताणाचा रक्तावर परिणाम झाला असेल का? आम्ही नेमके काय करावे?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, नमस्कार. तुम्ही तिन्ही अहवालांचे आकडे तारखांच्या क्रमाने पाठवलेत, हे फार चांगले केलेत, कारण या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका आकड्यात नसून त्या क्रमात आहे. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा मानावा. मात्र तुम्ही पाठवलेल्या माहितीत रक्ताच्या कर्करोगाकडे बोट दाखवणारे काहीही मला दिसत नाही. गंभीर जंतुसंसर्गाशी लढताना आणि त्यातून सावरताना शरीर रक्तपेशींचे उत्पादन कसे बदलते, त्याचेच हे तीन अहवाल आहेत. सहा आठवड्यांनी पाहू, हा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. पण हातात कागद घेऊन रात्र जागवणाऱ्या माणसाला ‘काळजी करू नका’ एवढे पुरत नाही, याची मला जाणीव आहे, म्हणून हे आकडे असे का हलले ते सविस्तर सांगते.

प्रौढ माणसाच्या कमरेची हाडे, मणके, छातीचे हाड, बरगड्या अशा ठिकाणच्या अस्थिमज्जेत, म्हणजेच बोन मॅरोत, रक्तपेशी अखंड तयार होत असतात. रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी, म्हणजे सेकंदाला वीस लाखांच्या घरात, आणि जोडीला प्रत्येकी साधारण १०,००० कोटी प्लेटलेट्स व न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी, असा हा पसारा आहे. तिन्ही प्रकारच्या पेशी एकाच मूलपेशीच्या वंशातून निपजतात, पण त्यांचे आयुर्मान अगदी वेगवेगळे असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ ते दहा दिवस, तर न्यूट्रोफिल रक्तात काही तासांपासून फार तर एखाद्या दिवसापर्यंत राहतो. प्रत्येक जातीच्या उत्पादनावर वेगळ्या संप्रेरकाचा ताबा असतो आणि ते संप्रेरकही वेगळ्या अवयवातून येते. म्हणूनच एकच संकट आले तरी पांढऱ्या पेशी काही तासांत उत्तर देतात, प्लेटलेट्स दुसऱ्या आठवड्यात देतात आणि तांबड्या पेशींचा हिशेब पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना लागतो. तुमच्या नातेवाइकांना जो गोंधळ वाटला, तो प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गतींचा क्रम आहे.

पहिला आकडा १९,८०० चा. निरोगी माणसाच्या रक्तात जेवढे न्यूट्रोफिल वाहत असतात, साधारण तेवढेच रक्तवाहिन्यांच्या आतील भिंतीला, विशेषतः फुप्फुसे आणि प्लीहा यांमध्ये, टेकून थांबलेले असतात. रक्ताच्या नमुन्यात ते मोजले जात नाहीत. जंतुसंसर्ग होताच ॲड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, भिंतीला टेकलेल्या या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि एकही नवी पेशी तयार न होता आकडा वाढतो. त्यापाठोपाठ अस्थिमज्जेतील राखीव साठा बाहेर काढला जातो. रक्तात असतात त्यांच्या कित्येक पट परिपक्व न्यूट्रोफिल मज्जेत तयार होऊन थांबलेले असतात आणि एका रासायनिक दुव्याने ते तेथे धरून ठेवलेले असतात. संसर्गाच्या वेळी जी-सीएसएफ नावाचे प्रथिन भराभर वाढते, त्यामुळे तो दुवा सैल पडतो आणि साठा रक्तात उतरतो. हे प्रथिन ज्या गटातले आहे, त्याच्यावर मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ यांनी आयुष्यभर काम केले. आज केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी फिलग्रास्टिमचे जे इंजेक्शन देतात, ते याच प्रथिनाचे प्रयोगशाळेत बनवलेले रूप आहे.

तिसरी पायरी नव्या उत्पादनाची. एरवी मज्जेत न्यूट्रोफिल घडून बाहेर पडायला दहा-बारा दिवस लागतात. संकटात ही मुदत कमी होते, पूर्वज पेशी अधिक वेळा विभागतात आणि त्यांतल्या काही पुरत्या परिपक्व होण्याआधीच रक्तात सोडल्या जातात. ‘लेफ्ट शिफ्ट’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच आहे. अशी काचपट्टी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते तेव्हा एरवी तीन-चार पाकळ्यांत विभागलेले केंद्रक असणाऱ्या पेशींच्या जागी घोड्याच्या नालेच्या आकाराचे, अजून न तुटलेले केंद्रक असणाऱ्या पेशी दिसतात आणि त्यांच्या अंतर्भागात गडद जांभळे, भरड कण पसरलेले असतात. हेच तुमच्या अहवालातले ‘टॉक्सिक ग्रॅन्यूल्स’. नाव भीतिदायक आहे, पण ते रक्तात विष असल्याचे सांगत नाही. घाईने घडलेल्या पेशीत जंतूंना मारणाऱ्या रसायनांच्या पिशव्या आपला मूळचा गडद रंग टिकवून राहतात, इतकेच. त्यात दाखल झाल्यावर स्टेरॉइडची भर पडली. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसॉलचाच भाऊबंद असल्याने, ते घेणाऱ्या कोणाच्याही रक्तात न्यूट्रोफिल वाढलेले आढळतात.

ताप गेला, स्टेरॉइड थांबले आणि आकडा १९,८०० वरून १३,२०० व पुढे ९,१०० वर आला, हा माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सर्वांत दिलासादायक भाग आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासारख्या कर्करोगातही न्यूट्रोफिल वाढतात, पण तेथे वाढीचा आदेश पेशीच्या आतच बिघडलेल्या जनुकातून येतो. तो बाहेरच्या संसर्गाची वाट पाहत नाही आणि संसर्ग गेल्यावर थांबतही नाही. त्या रुग्णांचा आकडा आपोआप पूर्ववत होत नाही, प्लीहा वाढलेली असते, बेसोफिल या पेशी वाढतात आणि त्या बिघडलेल्या जनुकाची बीसीआर-एबीएल चाचणी होकारार्थी येते. तीव्र ल्युकेमियात काचपट्टीवर ‘ब्लास्ट’ म्हणजे अगदी आदिम पेशी दिसतात आणि तसा शेरा कोणताही पॅथॉलॉजिस्ट वगळत नाही. तुमच्या अहवालांत तो कुठेही नाही.

प्लेटलेट्सचे नियमन मला नेहमीच विलक्षण वाटते. त्यांच्या निर्मितीचा आदेश देणारे थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतात तयार होते आणि शांततेच्या काळात तेथून त्याचा पुरवठा जवळजवळ एकसारखा सुरू असतो. रक्तातल्या प्लेटलेट्स हे संप्रेरक आपल्या पृष्ठभागावर पकडून गिळतात. पंगतीत वाढपी सारख्याच मापाने वाढत असावेत आणि जेवणारे कमी असले की अन्न उरावे, तसेच येथे घडते. प्लेटलेट्स कमी झाल्या की संप्रेरक उरते, उरलेले मज्जेपर्यंत पोचते आणि उत्पादन वाढते. प्लेटलेट्स पुरेशा झाल्या की त्याच ते संपवून टाकतात आणि उत्पादन आपोआप मंदावते. संसर्गाच्या काळात मात्र दाहातून, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेतून, निर्माण होणारे इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन यकृताला थ्रॉम्बोपोएटिनचा पुरवठाच वाढवायला लावते. मज्जेतल्या महाकाय मेगाकॅरियोसाइट पेशींना वाढायला आणि त्यांच्यातून हजारो प्लेटलेट्स सुटायला काही दिवस लागतात, म्हणून हा परिणाम आजार ओसरताना, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसतो. वडिलांच्या ५ लाख ९० हजारांचे कारण हेच असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. अशा प्रतिक्रियात्मक वाढीत प्लेटलेट्सच्या रचनेत दोष नसतो आणि काही आठवड्यांत आकडा साडेचार लाखांच्या खाली येतो. म्हणून केवळ या आकड्यासाठी स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये.

आता हिमोग्लोबिनकडे येते. तुमच्या काळजीचे मूळ तेथेच आहे आणि मलाही सर्वांत जास्त त्याविषयीच सांगायचे आहे. १२.६ वरून १०.१, म्हणजे आठ दिवसांत अडीच ग्रॅमची घट. प्रथम साधे गणित करू. तांबडी पेशी १२० दिवस जगते, म्हणजे रोज सुमारे एकशेविसावा भाग म्हाताऱ्या होऊन काढून टाकल्या जातात. मज्जेने आठ दिवस एकही नवी तांबडी पेशी केली नाही असे धरले, तरी शंभरातल्या सहा-सात पेशीच कमी होतील आणि हिमोग्लोबिन पाऊण-एक ग्रॅमने उतरेल. मग उरलेला दीड ग्रॅम कोठे गेला? बऱ्याच अंशी तो कोठेही गेलेला नसतो. तापाने आणि न खाण्यापिण्याने शरीरातले पाणी आटलेले असताना रक्त दाट होते आणि १२.६ हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. सलाइन दिल्यावर तेच रक्त पातळ होते आणि आकडा खाली येतो. त्याशिवाय रुग्णालयात तपासण्यांसाठी रोज रक्त काढले जाते, आणि दाहाच्या काळात प्लीहा व यकृतातल्या भक्षक पेशी अधिक चोखंदळ होऊन थोड्याशा इजा झालेल्या तांबड्या पेशीही मुदतीआधीच गिळतात. एक शक्यता मात्र वेगळी काढून तपासायला हवी, ती म्हणजे पोटातील रक्तस्राव, कारण स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांनी जठराला इजा होऊ शकते. वडिलांना डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली होती का, हे त्यांना स्पष्ट विचारा. लोहाच्या औषधानेही शौच काळपट होते, म्हणून टॉनिक सुरू होण्याआधीचे आठवायला सांगा.

घट समजली, पण हिमोग्लोबिन दोन आठवड्यांनीही वर का येत नाही? संसर्ग होताच तेच इंटरल्यूकिन-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करून घेते. पेशींतून लोह बाहेर सोडणारी जी एकमेव वाट आहे, ती हेप्सिडिन बंद करते. आपल्या शरीराला नव्या तांबड्या पेशींसाठी रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते, आणि त्यातले आहारातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम येते. बाकीचे सारे भक्षक पेशींनी जुन्या तांबड्या पेशी मोडून परत मिळवलेले असते. हेप्सिडिन वाढले की हा परतावा भक्षक पेशींतच अडकून पडतो आणि आतड्यातून होणारे शोषणही थांबते. शरीरात लोह आहे, पण मज्जेला ते मिळत नाही. वडिलांचे ६४० हे फेरिटिन त्या अडकलेल्या साठ्याची आणि ओसरत असलेल्या दाहाची खूण आहे. शरीर असे का करते, तर जंतूंनाही वाढण्यासाठी लोह हवे असते, आणि काही दिवस हिमोग्लोबिन थोडे कमी पडले तरी चालेल, पण जंतूंच्या तोंडी लोह पडता कामा नये, असा हा जैविक प्राधान्यक्रम आहे. सोबतच दाहातली इतर प्रथिने मज्जेतल्या पूर्वज पेशींना तांबड्यांऐवजी पांढऱ्यांच्या वाटेला लावतात. म्हणून मी याला ‘अशक्तपणा’ म्हणत नाही. संकटकाळात शरीराने तांबड्या पेशींचे काम तात्पुरते मागे ठेवले, आणि ते पुन्हा सुरू होण्याची वाट आता पाहायची आहे.

ते सुरू कसे होते, हेही सांगते, कारण वडिलांच्या मधुमेहाचा संबंध येथे येतो. मूत्रपिंडातल्या काही पेशी रक्तातून मिळणाऱ्या प्राणवायूचा अंदाज सतत घेत असतात. प्राणवायू पुरेसा असला की त्यांच्यातील एचआयएफ हे प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते. प्राणवायू कमी पडला की ते टिकते आणि एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे उत्पादन सुरू करते. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक या यंत्रणेच्या शोधासाठीच मिळाले. तीव्र रक्तक्षयात हे संप्रेरक रक्तात हजार पटींपर्यंत वाढू शकते. शिकागोचे यूजीन गोल्डवॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, तेव्हा त्यासाठी जपानमधील अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची २,५५० लिटर लघवी वापरली होती. त्या रुग्णांची मज्जा निकामी असते, तरी मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिनचा आदेश देतच राहतात, आणि न वापरलेले ते संप्रेरक लघवीवाटे जात असते. यावरून मागणी आणि पुरवठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे लक्षात येईल. आदेश मिळाला, तरी तो पाळायला मज्जेकडे लोह, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड हवे. दाह ओसरल्यावर वाढू लागलेल्या तरुण तांबड्या पेशी स्वतःच एरिथ्रोफेरॉन नावाचे संप्रेरक सोडून यकृतातले हेप्सिडिन खाली आणतात आणि अडकलेले लोह आपल्यासाठी मोकळे करून घेतात. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी हे २०१४ मध्ये दाखवून दिले. निरोगी मज्जेची ताकद एवढी असते की दीर्घकाळ तांबड्या पेशी फुटत राहणाऱ्या आजारांत ती आपले उत्पादन सहा ते आठ पटींपर्यंत नेते.

वडिलांच्या बाबतीत या साखळीतल्या दोन कड्या मला तपासून घ्याव्याशा वाटतात. दीर्घकाळच्या मधुमेहाने मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल, तर एरिथ्रोपोएटिनचा आदेशच क्षीण पडतो आणि हिमोग्लोबिन सावकाश चढते. आणि अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, विशेषतः आहार शाकाहारी असेल तर, बी-१२ कमी असण्याचे प्रमाण बरेच आहे. एरवी ही उणीव लपून राहते, कारण रोजच्या उत्पादनापुरते भागते. जादा उत्पादनाची वेळ येते तेव्हाच ती उघडी पडते. आजारपणाच्या आधीचा एखादा रक्ताचा अहवाल घरात असेल, तर तो अवश्य शोधून काढा. तेव्हाच हिमोग्लोबिन १२ च्या आसपास असेल, तर पुरुषांसाठी तेही कमीच आहे आणि त्याचे कारण या न्यूमोनियाच्या आधीचे आहे.

काकांच्या जाण्याविषयी तुम्ही विचारलेत, त्याचे उत्तर मी जपून देते. मनाच्या ताणाचा रक्तनिर्मितीशी संबंध आहे, हे आज नक्की म्हणता येते. अस्थिमज्जेत सिंपथेटिक मज्जातंतू पोचलेले असतात आणि ताणात त्यांच्या टोकांतून नॉरॲड्रिनालिन स्रवते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिदक्षता विभागात राबणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या रक्तात सुट्टीच्या काळापेक्षा कामाच्या काळात पांढऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या. त्याच संशोधकांनी उंदरांत दाखवले, की सततच्या ताणाने स्रवणारे नॉरॲड्रिनालिन मज्जेतल्या मूलपेशींना विसावू देत नाही, त्या अधिक विभागतात आणि न्यूट्रोफिल व मोनोसाइट या दाह वाढवणाऱ्या पेशी जास्त तयार होतात. मूलपेशींना खरे तर विश्रांतीची गरज असते. उंदरांवरील दुसऱ्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की सर्वांत सुप्त मूलपेशी जवळजवळ पाच महिन्यांतून एकदाच विभागते. मात्र ताणाने होणारी ही वाढ लहान असते. १९,८०० हा आकडा, लेफ्ट शिफ्ट किंवा अडीच ग्रॅमची घट दुःखाने होत नाही, ती न्यूमोनियाने झाली. दुःखामुळे झोप आणि जेवण बिघडले असेल, साखर वाढली असेल आणि त्यातून संसर्गाला वाट मिळाली असेल, हे शक्य आहे. पण घरच्यांनी त्यांचा शोक आवरायला हवा होता, असा ठपका कोणी स्वतःवर घेऊ नये. भाऊ गेल्याचे दुःख वडिलांना मोकळेपणाने करू द्या.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. बोन मॅरो तपासणीची आज गरज नाही, आणि ती आता केली तर फायद्यापेक्षा गोंधळच जास्त होईल, कारण नुकत्याच संसर्गातून गेलेल्या मज्जेत कोवळ्या पांढऱ्या पेशींची गर्दी असणे स्वाभाविक आहे. रक्त चढवण्याचीही गरज नाही. स्थिर असलेल्या रुग्णाला सर्वसाधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर, आणि हृदयविकार असेल तर ८ च्या आसपास, रक्त देण्याचा विचार होतो. वडील १० वर आहेत आणि बाहेरून दिलेले रक्त स्वतःच्या उत्पादनाचा आदेशच मंदावते. पपईच्या पानांचा रस तर कृपया बंदच करा. तो लोक डेंग्यूत प्लेटलेट्स वाढाव्यात म्हणून देतात, आणि वडिलांच्या प्लेटलेट्स आधीच वाढलेल्या आहेत. काकूंच्या मायेचा मान ठेवून त्यांना हे समजावता येईल. बीट खायला हरकत नाही, परंतु त्याचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्याचा आहे, लोहाचा नव्हे. लोहाचे टॉनिक तूर्त थांबवावे की कसे, हे डॉक्टरांना विचारा. हेप्सिडिन वाढलेले असताना तोंडावाटे घेतलेले लोह फारसे शोषले जात नाही आणि बद्धकोष्ठता तेवढी होते. या काळात डाळी, उसळी, दूध, चालत असेल तर अंडी आणि मासे, यांकडे लक्ष द्या, कारण पेशी घडवायला प्रथिनेही लागतात.

दर चार दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करू नका. सहा आठवड्यांनी तपासणी कराल तेव्हा सीबीसीसोबत पेरिफेरल स्मिअर (रक्ताची काचपट्टी), रेटिक्युलोसाइट काउंट, दाह दाखवणारे सीआरपी, फेरिटिन, लोह व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी-१२ आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनीन एकाच वेळी करून घेण्याविषयी डॉक्टरांशी बोला. सीआरपी उतरले आहे आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या तांबड्या पेशी, वाढल्या आहेत असे दिसले, तर हिमोग्लोबिन ११ असले तरी ते चढणीवर आहे असे समजा. दाह गेल्यावरचे फेरिटिन खरे बोलते. ते तेव्हा कमी निघाले, तर लोहाची उणीव खरोखरच आहे आणि मग गोळ्यांचा उपयोग होईल. पुरुषांत या वयात लोह कमी निघाले, तर ते कोठून झिरपते आहे यासाठी पोटाची आणि आतड्यांची तपासणी टाळू नये. प्लेटलेट्स तीन महिन्यांनंतरही साडेचार लाखांच्या वर राहिल्या, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. तेव्हा जेएके-२ सारख्या जनुकीय चाचणीचा विचार होतो.

सहा आठवडे न थांबता लगेच डॉक्टरांकडे जाण्याची कारणेही सांगून ठेवते. पुन्हा ताप येणे किंवा धाप वाढणे, काळी शौच, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अंगावर कारणाशिवाय लाल-जांभळे ठिपके उमटणे, छातीत दुखणे, एका पायाला सूज येऊन दुखणे, बोलण्यात किंवा हातापायांच्या हालचालीत अचानक फरक पडणे, यांपैकी काहीही झाले तर तो दिवस वाया घालवू नका. रात्री अंग भिजवणारा घाम, कमी होत जाणारे वजन किंवा गळ्यात-काखेत गाठी हीदेखील थांबू नये अशी कारणे आहेत. पुढच्या एखाद्या अहवालात तिन्ही जातींच्या पेशी एकदम कमी झाल्या किंवा ‘ब्लास्ट’ असा शेरा आला, तर मात्र मज्जेची तपासणी लगेच करावी आणि त्या वेळी मीच तुम्हाला तसा आग्रह करीन.

न्यूमोनियाची लस मधुमेही ज्येष्ठांनी घ्यावी असा सल्ला दिला जातो, आणि फ्लूची दरवर्षी. वडिलांनी त्या घेतल्या नसतील तर पुढच्या भेटीत त्याविषयी विचारा. तोवर त्यांना रोज सकाळी झेपेल तेवढे चालू द्या. धाप लागली की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी चालावे, एवढे पथ्य पुरे आहे.